मजुरी मागितली म्हणून सात वर्षं काळं पाणी! टॉलपडलच्या जॉर्ज लव्हलेस यांची गोष्ट

मजुरी कमी केली तर मजुरानं करायचं काय? हा प्रश्न गावाकडं आजही पारावर निघतो. जवळपास दोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या शेतमजुरांनाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी कुणाच्या अंगावर हात टाकला नाही, कुणाची गंजी पेटवली नाही. झाडाखाली बसले, बोलले आणि संघटना बांधली. एवढ्यावरून त्यांच्यातल्या सहा जणांना सात वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या सहा जणांचे म्होरके होते जॉर्ज लव्हलेस. दिवसभर दुसऱ्याच्या रानात नांगर धरायचा आणि रविवारी प्रार्थनाघरात प्रवचन द्यायचं, असं त्यांचं आयुष्य होतं. पुढं जगभरच्या कामगार चळवळीत त्यांचं नाव झालं. ते स्वतः मात्र कॅनडातल्या एका खेड्यात शेतकरी म्हणून जगले आणि शेतकरी म्हणूनच गेले. मागचं सगळं त्यांनी गाठोडं बांधून ठेवून दिलं.

नांगर धरणारा प्रवचनकार

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट नावाचा परगणा आहे. तिथं पिडल नदीच्या काठाला टॉलपडल हे छोटं गाव. जॉर्ज यांचा जन्म १७९७ सालचा. घरची जमीन नव्हती. गावातली बहुतेक घरं अशीच होती. जमीन मोठ्या जमीनदारांची, ती कसायला घेणारे शेतकरी वेगळे आणि त्यांच्याकडं आठवड्याच्या मजुरीवर राबणारे मजूर वेगळे. जॉर्ज या तिसऱ्या थरातले.

शाळेचं शिक्षण नसल्यासारखंच. पण त्यांनी स्वतःच्या जिवावर वाचायला, लिहायला शिकून घेतलं. मजुरीतून पै पै वाचवून धर्माची पुस्तकं जमवली. कामावरून आल्यावर दिव्याच्या उजेडात ती वाचायची. मजुराच्या घरात पुस्तकांची फळी असणं त्या काळी फार दुर्मिळ होतं.

त्यांचा पंथ मेथडिस्ट. अठराव्या शतकात जॉन वेस्ली यांनी ही चळवळ सुरू केली. सरकारमान्य चर्चमध्ये पाद्री म्हणजे बडं प्रस्थ असायचं, जमीनदारांच्या पंगतीत बसणारं. मेथडिस्टांमध्ये मात्र खाणीतला मजूर, विणकर, शेतगडी असा कुणीही उभा राहून प्रवचन देऊ शकत असे. आपल्याकडं दिवसभर रानात राबलेला शेतकरी रात्री वीणा घेऊन कीर्तनाला उभा राहतो, तसंच काहीसं. या प्रार्थनाघरांत गरीब माणूस तीन गोष्टी शिकला. चारचौघांत उभं राहून बोलायचं कसं, वर्गणी गोळा करून तिचा हिशेब ठेवायचा कसा आणि ठरलेल्या नियमानं सभा चालवायची कशी. पुढं संघटना बांधताना हेच शिक्षण कामी आलं.

टॉलपडलमध्ये १८१८ साली मेथडिस्टांचं छोटं प्रार्थनाघर उभं राहिलं, त्यात लव्हलेस घराण्याचा हात होता. जॉर्ज आसपासच्या गावांत पायी जाऊन प्रवचनं देत. १८२४ साली त्यांचं लग्न झालं. बायकोचं नाव एलिझाबेथ, घरात सगळे बेट्सी म्हणायचे.

गायरान गेलं, यंत्र आलं

तो काळ खेड्यातल्या गरिबासाठी फार वाईट होता. पूर्वी गावाची सामाईक कुरणं असायची. तिथं मजुराची एखादी गाय चरायची, सरपण मिळायचं. पार्लमेंटनं एकामागून एक कायदे करून ही गायरानं जमीनदारांच्या कुंपणात घातली. मजुराकडं हातातल्या मजुरीशिवाय काही उरलं नाही.

त्यात मळणीयंत्रं आली. हिवाळ्यात मजुराच्या हाताला काम असायचं ते मळणीचं. तेही गेलं. १८३० साली दक्षिण इंग्लंडमध्ये मजुरांचा भडका उडाला. रात्रीबेरात्री गंज्या पेटल्या, यंत्रं फोडली गेली. सरकारनं हा उठाव कठोरपणे मोडला. १९ जणांना फाशी झाली, साडेचारशेहून जास्त लोकांना जहाजात घालून ऑस्ट्रेलियाकडं पाठवलं.

हे सगळं जॉर्ज यांच्या डोळ्यांसमोर घडलं. जाळपोळीनं गरिबाचं पोट भरत नाही, उलट फास गळ्याला लागतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी बोलणीचा रस्ता धरला.

शब्द दिला आणि फिरवला

आसपासच्या गावांत तेव्हा मजुरी आठवड्याला १० शिलिंग होती. २० शिलिंगचा एक पौंड, यावरून रक्कम किती तुटपुंजी होती ते कळेल. टॉलपडलच्या मजुरांना त्याहून कमी मिळत असे. मजुरांनी शेतकऱ्यांशी बैठक केली. गावचे पाद्री साक्षीला होते. मजुरांनी इमानेइतबारे काम करावं, शेतकरी इतर गावांइतकी मजुरी देतील, असं ठरलं. दोन्ही बाजू समाधानानं घरी गेल्या.

पण तो शब्द पाळला गेला नाही. मजुरी ९ शिलिंगवर राहिली. मग ८ झाली. मजूर दाद मागायला न्यायदंडाधिकाऱ्यांकडं गेले. अमुक इतकी मजुरी द्यावी असा कोणताही कायदा नाही, मालक देईल त्यात काम करा, असं त्यांना सांगण्यात आलं. साक्षीला असलेल्या पाद्रींनी तर असं काही बोलणं झाल्याचंच नाकारलं.

पुढं मजुरी ७ शिलिंगवर आली आणि ती ६ करणार अशी कुणकुण लागली. ७ शिलिंगात पोरंबाळं जगवणं प्रामाणिक माणसाला शक्यच नव्हतं. चोरी करायची, उपाशी मरायचं की एकत्र यायचं, एवढेच मार्ग उरले होते.

झाडाखालची बैठक

कामगारांनी संघटना करण्यावरची बंदी पार्लमेंटनं १८२४ सालीच उठवली होती. म्हणजे एकत्र येणं बेकायदेशीर नव्हतं. जॉर्ज यांनी याची माहिती काढली. शहरातल्या संघटनांशी संपर्क केला. १८३३ च्या ऑक्टोबरमध्ये दोन प्रतिनिधी गावात आले आणि टॉलपडलच्या शेतमजुरांची संघटना उभी राहिली.

गावाच्या मधोमध सिकमोर जातीचं एक जुनं झाड आहे. त्याच्या सावलीत मजूर जमायचे, असं सांगतात. नोंदणीच्या बैठका थॉमस स्टँडफील्ड यांच्या घराच्या माडीवर होत. थॉमस हे जॉर्ज यांचे मेहुणे, बहिणीचे यजमान. सभासद होताना १ शिलिंग भरायचा आणि मग दर आठवड्याला १ पेनी. नियमही लिहून काढलेले होते. बैठकीत दारू नाही, वाह्यात बोलणं नाही. मारामारी, जाळपोळ करणाऱ्याला संघटना पाठीशी घालणार नाही. कुणा मालकानं मजुरी कापली तर सगळ्यांनी मिळून त्याचं काम सोडायचं, एवढाच त्यांच्या हातातला दबाव होता.

नवा सभासद घेताना शपथ देत. डोळ्यांवर पट्टी बांधायची, गुडघे टेकवायचे, बायबलला ओठ लावायचे आणि संघटनेच्या गोष्टी बाहेर सांगणार नाही असं म्हणायचं. पट्टी सोडली की समोर हाडाच्या सापळ्याचं मोठं चित्र दिसायचं. शपथ मोडण्याआधी मरण आठवावं, हा त्यामागचा अर्थ. तेव्हाच्या अनेक मंडळांत अशी शपथ होती. बड्या लोकांच्या मंडळांतही होती.

हीच शपथ गळ्याचा फास ठरली.

पहाटेची अटक

त्या भागातले बडे जमीनदार आणि न्यायदंडाधिकारी होते जेम्स फ्रॅम्प्टन. १८३० च्या भडक्याच्या वेळी मजुरांना आवरायला तेच पुढं आले होते. मजूर पुन्हा एकत्र येत आहेत हे कानावर येताच त्यांनी गृहमंत्री लॉर्ड मेलबर्न यांना पत्रं लिहिली. संघटना तर कायदेशीर होती, मग पकडायचं कशावरून? अखेर एक जुना कायदा शोधून काढला. १७९७ साली आरमारातल्या खलाशांनी बंड केलं होतं. तेव्हा बंडासाठी गुप्त शपथा देण्यावर बंदी घालणारा कायदा झाला होता. जॉर्ज ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षीचा हा कायदा, खलाशांसाठी केलेला. तो आता शेतमजुरांना लावायचं ठरलं.

१८३४ च्या फेब्रुवारीत गावात इशाऱ्याचे कागद चिकटवले गेले. असल्या संघटनेत जाणाऱ्याला सात वर्षं हद्दपारी, असं त्यात होतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांतच, २४ फेब्रुवारीला पहाटे जॉर्ज कामावर निघाले तेव्हा दारात शिपाई उभा होता. घरात बेट्सी आणि तीन लहान मुलं. जॉर्ज काही न बोलता त्याच्यासोबत निघाले.

त्यांच्यासह सहा जण पकडले. धाकटे भाऊ जेम्स लव्हलेस, मेहुणे थॉमस स्टँडफील्ड, त्यांचा मुलगा जॉन, जेम्स हॅमेट आणि जेम्स ब्राइन. गंमत म्हणजे पकडायला आलेल्या शिपायाचं नावही जेम्स ब्राइनच होतं. सहाही जण त्याच्यासोबत सात मैल, म्हणजे जवळपास अकरा किलोमीटर, डॉर्चेस्टरपर्यंत पायी चालत गेले. कुणी पळून जायचा विचार केला नाही. आपण काही चूक केलीय असं त्यांच्या मनातही नव्हतं.

हॅमेट शपथेच्या बैठकीला नव्हतेच, त्यांचा भाऊ होता, असं सांगतात. भावाची बायको गरोदर होती, म्हणून हॅमेट गप्प राहिले आणि त्याच्या जागी शिक्षा भोगून आले.

निकाल आधीच ठरलेला

तुरुंगात असताना जॉर्ज यांच्यापुढं एक वाट ठेवली गेली. संघटनेशी पुन्हा संबंध ठेवणार नाही असं कबूल करा, तुमच्या लोकांची नावं सांगा, म्हणजे बायकोपोरांकडं जाता येईल. घरी मिळवणारं दुसरं कुणी नव्हतं. तरीही जॉर्ज यांनी नकार दिला. सोबत्यांचा विश्वासघात करून मिळणारी सुटका त्यांना नको होती.

१८३४ च्या मार्चमध्ये डॉर्चेस्टरच्या न्यायालयात खटला उभा राहिला. खटला चालवावा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांत खुद्द फ्रॅम्प्टन बसलेले. त्या पंचांचे प्रमुख गृहमंत्री मेलबर्न यांचेच मेहुणे. निकाल देणारे ज्युरी शेतकरी, म्हणजे मजुरी देणाऱ्यांच्या बाजूचे. एडवर्ड लेग नावाच्या मजुरानं साक्ष दिली. डोळ्यांवर पट्टी बांधली, शपथ दिली, एवढं त्यानं सांगितलं आणि काम झालं.

जॉर्ज यांनी आपलं म्हणणं कागदावर लिहून न्यायाधीशांकडं दिलं. आम्ही कुणाची अब्रू, मालमत्ता किंवा जीव यांना धक्का लावला नाही, आपल्या बायकामुलांना भुकेपासून वाचवण्यासाठी एकत्र आलो, असा त्याचा आशय होता. तो कागद न्यायालयात पुटपुटत वाचला गेला, बहुतेकांना ऐकूही आला नाही. १९ मार्चला शिक्षा सुनावली. सहाही जणांना सात वर्षं समुद्रापार. ही शिक्षा त्यांच्या कृत्यापेक्षा इतरांना जरब बसावी म्हणून आहे, अशा अर्थाचं न्यायाधीश बोलल्याचं जॉर्ज यांनी पुढं लिहून ठेवलं.

बेड्या लपवल्या नाहीत

शिक्षेनंतर जॉर्ज आजारी पडले. बाकीच्या पाच जणांना आधी नेलं आणि ‘सरी’ नावाच्या जहाजातून सिडनीकडं पाठवलं. जॉर्ज मागं एकटे राहिले. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना पायात बेड्या घालून घोडागाडीतून पोर्ट्समथ बंदराकडं नेलं. वाटेत सॉल्सबरी शहर आलं. सोबतच्या अधिकाऱ्यानं सुचवलं की लोक बघतील, गावातून जाताना तेवढ्यापुरत्या बेड्या काढू. जॉर्ज यांनी नको म्हटलं. गुन्हा केला नसेल तर बेडीची लाज कशाची, असं त्यांचं म्हणणं.

मे महिन्याच्या शेवटी त्यांचं जहाज निघालं. शंभरावर दिवसांचा प्रवास. तळघरात कैदी कोंबलेले. सप्टेंबरमध्ये ते व्हॅन डिमेन्स लँडला, म्हणजे आजच्या टास्मानिया बेटावर होबार्ट बंदरात उतरले. आठवडाभर बेड्यांत जखडलेल्या टोळीसोबत रस्त्याचं काम केलं. नंतर त्यांना सरकारी शेतावर गुरं-मेंढरं राखायला लावलं. राहायला पाऊस गळणारी झोपडी.

तिथला एक प्रसंग शेतकऱ्याला लगेच कळेल. जॉर्ज यांच्या राखणीतली काही जनावरं चुकली आणि कोंडवाड्यात गेली. कामात कसूर केल्याचा आरोप ठेवून त्यांना उभं केलं. तिथं कैद्याच्या पाठीवर चाबूक पडायला असलं कारण पुरे व्हायचं. गाई पिळायच्या, वासरं पाजायची, बाकीची कामं करायची आणि मोकाट जनावरंही सांभाळायची, हे एका माणसाला कसं जमावं, असं जॉर्ज यांनी शांतपणे मांडलं. ते ऐकून त्यांना परत कामावर पाठवलं.

इकडं इंग्लंडमध्ये

सहा घरांतले कर्ते पुरुष गेले. गावातल्या गरिबांना धान्य-पैशाची मदत देणारी व्यवस्था होती. या बायका ती मागायला गेल्या तर त्यांना नकार मिळाला. संघटनेला देण्याइतके पैसे होते तर आता खायला मागता कशाला, असा सूर होता. पण शहरातल्या कामगारांनी वर्गणी गोळा करून ही घरं जगवली. ज्यांनी टॉलपडलचं नावही कधी ऐकलं नव्हतं, त्यांनी पेनी पेनी जमवली.

२१ एप्रिल १८३४ रोजी लंडनच्या कोपनहेगन फील्ड्स मैदानावर प्रचंड सभा झाली. हजारो कामगार आपापल्या व्यवसायांचे झेंडे घेऊन शिस्तीत चालत निघाले. दोन लाखांहून जास्त सह्यांचा अर्ज सोबत होता. मेलबर्न यांनी मोर्चाच्या हातून तो घ्यायला नकार दिला. पण विषय थांबला नाही. थॉमस वेकली यांच्यासारखे खासदार पार्लमेंटमध्ये तो पुन्हा पुन्हा काढत राहिले.

एक प्रश्न सरकारला फार जड गेला. राजाचे सख्खे भाऊ ड्यूक ऑफ कंबरलँड ज्या मंडळाचे प्रमुख होते, त्या मंडळातही गुप्त शपथा चालत. शपथेसाठी शेतमजूर काळ्या पाण्यावर जातो, मग राजाच्या भावाचं काय? याला उत्तर नव्हतं. तोवर मेलबर्न पंतप्रधान झाले होते आणि गृहखातं लॉर्ड जॉन रसेल यांच्याकडं होतं. मार्च १८३६ मध्ये सहाही जणांना पूर्ण माफी मिळाली.

माफी झाली, कळलं मात्र वर्तमानपत्रातून

माफीची बातमी जॉर्ज यांच्यापर्यंत सरळ पोहोचली नाही. सहा महिन्यांनी त्यांनी ती एका वर्तमानपत्रात वाचली. वाचायला शिकले नसते तर आणखी किती दिवस ढोरं राखत बसले असते, कुणास ठाऊक.

पण घरी जायला ते लगेच निघू शकले नाहीत. बायकोमुलांना इकडंच बोलावून घे, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी त्यांना आधी सुचवलं होतं. गुलामीच्या मुलखात लेकरांना आणायला ते बरेच दिवस तयार नव्हते. शेवटी १८३५ च्या अखेरीला त्यांनी बेट्सीला पत्र लिहिलं होतं. आता आपण इकडून निघालो आणि ती तिकडून निघालेली असली तर? भर समुद्रात चुकामूक व्हायची आणि ती परक्या बेटावर एकटी पडायची. म्हणून मोकळे असूनही ते थांबले. डिसेंबरमध्ये बेट्सी येत नसल्याचं पत्र हाती पडलं, तेव्हाच त्यांनी जहाज धरलं. जून १८३७ मध्ये ते लंडनला पोहोचले. तीन वर्षांपूर्वी पहाटे दारातून गेलेला माणूस घरी आला.

बाकीच्यांपैकी चौघं १८३८ साली आणि हॅमेट १८३९ साली परतले.

आल्यावर जॉर्ज यांनी आपल्यावर गुदरलेलं एका पुस्तिकेत लिहून काढलं. १८३७ सालीच ती छापली गेली आणि कामगार वस्त्यांत हातोहात फिरली. आज या खटल्याबद्दल जे कळतं, त्यातलं बरंचसं या पुस्तिकेमुळंच. नांगर धरणाऱ्या माणसानं आपली बाजू स्वतः लिहिली, हे त्या काळात फार मोठं होतं.

कसायला जमीन, पण स्वस्थता नाही

लोकांच्या वर्गणीतून जमलेल्या पैशांतून एसेक्स परगण्यात शेतं भाडेपट्ट्यानं घेऊन दिली गेली. हॅमेट सोडून बाकीची कुटुंबं तिकडं राहायला गेली. जॉर्ज ग्रीनस्टेड गावाजवळच्या शेतावर होते. जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबल्यावर पहिल्यांदाच काय पेरायचं हे स्वतः ठरवायला मिळालं. तिथंच थॉमस स्टँडफील्ड यांची मुलगी आणि जेम्स ब्राइन यांचं लग्न लागलं. सोबत बेड्या भोगलेली माणसं नात्यानंही जोडली गेली.

पण बोलायची सवय सुटली नव्हती. तेव्हा प्रत्येक पुरुषाला मताचा अधिकार मागणारी चार्टिस्ट चळवळ जोरात होती. ही मंडळी तिच्यात पडली. शेतावर सभा होऊ लागल्या. पाद्री आणि जमीनदारांनी तक्रारी सुरू केल्या. भाडेपट्ट्याची मुदतही संपत आली होती. आपण या देशात कायम डोळ्यांत खुपणार, हे जॉर्ज यांना कळून चुकलं.

१८४४ पासून पाच कुटुंबं एकामागून एक कॅनडाला निघाली. एका समुद्रप्रवासात त्यांना बेड्या घालून नेलं होतं. हा दुसरा प्रवास त्यांनी स्वतःच्या मर्जीनं केला.

सायलोमचे शेतकरी आजोबा

कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात लंडन नावाचंच एक शहर आहे. त्याच्या जवळ सायलोम भागात जॉर्ज यांनी शेती केली. मेथडिस्ट प्रार्थनाघर उभं करायला हातभार लावला. मुलं मोठी झाली, नातवंडं आली. शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्यांची ओळख एवढीच होती. मेहनती शेतकरी, देवाधर्माचा माणूस.

काळ्या पाण्याची गोष्ट मात्र ते सांगत नसत. नव्या मुलखात कुणी कैदी म्हणून हिणवू नये, लेकरांच्या माथी तो डाग येऊ नये, म्हणून या मंडळींनी मागचं न बोलण्याचं ठरवलं होतं, असं त्या भागात सांगतात. भर गावातून बेडी दाखवत जाणारा माणूस नातवंडांसमोर मात्र गप्प राहिला. त्या बेडीची लाज त्यांना स्वतःला कधीच नव्हती. पण लोक काय म्हणतील याची झळ पोरांना बसते, हे खेड्यात वाढलेल्या माणसाला कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

१८७४ साली जॉर्ज लव्हलेस यांचं निधन झालं. सायलोमच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे. त्यांचे भाऊ जेम्स आदल्याच वर्षी गेले होते. थॉमस स्टँडफील्ड यांचा मुलगा जॉन तिकडंच मोठा झाला आणि लंडनच्या पूर्व भागाच्या नगरपालिकेचा प्रमुख बनला. ज्या पोराला एका देशानं गुन्हेगार ठरवलं, त्याला दुसऱ्या देशातल्या लोकांनी आपला कारभारी केलं.

हॅमेट एकटेच टॉलपडलला परतून राहिले. १८७२ साली जोसेफ आर्च यांनी शेतमजुरांची देशपातळीवरची संघटना उभी केली. आर्च हेही शेतमजूर आणि मेथडिस्ट प्रवचनकारच. १८७५ साली या संघटनेनं हॅमेट यांचा सत्कार करून त्यांना घड्याळ भेट दिलं. तरी त्यांचा शेवट १८९१ साली गरिबांसाठीच्या आश्रमगृहात झाला.

झाड अजून उभं आहे

टॉलपडलचं ते सिकमोर झाड आजही जिवंत आहे. १९३४ साली, खटल्याला शंभर वर्षं झाली तेव्हा, ब्रिटनमधल्या कामगार संघटनांनी गावात सहा घरं बांधली. प्रत्येक घराला सहा जणांपैकी एकाचं नाव. ही घरं वयोवृद्ध शेतमजुरांसाठी होती. तिथं संग्रहालयही आहे. दरवर्षी जुलै महिन्यात गावात जत्रेसारखी गर्दी होते, देशोदेशीचे कामगार झेंडे घेऊन येतात. कॅनडातल्या लंडनमध्येही त्यांचं स्मारक आहे.

भारतात कामगार संघटनांना कायद्याची मान्यता १९२६ च्या कायद्यानं मिळाली. तोही इंग्रजांच्याच राजवटीत झाला. सात माणसं एकत्र आली तरी नोंदणीचा अर्ज करता येईल, अशी सोय त्या मूळ कायद्यात होती. टॉलपडलमध्ये सहा माणसांना त्याच कामासाठी देश सोडावा लागला होता, त्याला तेव्हा ९२ वर्षं झाली होती.

जॉर्ज लव्हलेस यांनी राज्य मागितलं नव्हतं, कुणाची जमीन मागितली नव्हती. ठरलेली मजुरी मिळावी आणि ती मिळाली नाही तर चौघांनी मिळून विचारता यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आज गावात मजूर एकत्र बसून दर ठरवतात आणि संध्याकाळी निर्धास्त घरी जातात. त्या निर्धास्तपणाची किंमत कुणीतरी आधी मोजून ठेवली आहे.